मागचा डावा स्पीकर

आधीच सांगून टाकतो — मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यातला नाही. उमरखेडला माझं चष्म्याचं दुकान आहे. 'पोराला नजर लागली' म्हणत माणसं येतात, मी त्या पोराचा नंबर काढून देतो, आणि बहुतेक वेळा नजर उतरते. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी आजवर दुपारच्या चहाबरोबर करमणूक म्हणून वाचत आलो. दोन-चार जणांना खाली खवचट उत्तरंही दिली आहेत. आज माझ्यावरच लिहायची पाळी आली आहे, तेव्हा ज्यांना उट्टं काढायचं असेल त्यांनी खुशाल काढावं.

मला एकच नाद आहे... गाणी ऐकायचा. नुसती नाही, सराउंडमध्ये. घराच्या वरच्या मजल्यावर त्यासाठी वेगळी खोली आहे. समोर तीन स्पीकर, मागे दोन, कोपऱ्यात सबवूफर आणि मधोमध एकच खुर्ची. आवाज भिंतींवर आपटून घुमू नये म्हणून शहरातले लोक फोमचे पॅनल लावतात. मी कापसाच्या मुलखातला माणूस. भिंतींना गाद्या ठोकल्या आणि चारही कोपऱ्यांत कापूस ठासलेली पोती उभी केली. बायको पहिल्यांदा वर आली, तेव्हा दारातूनच म्हणाली, "कापसाची जिनिंग टाकून राह्यले का घरात?"

आता थोडं तांत्रिक सांगावं लागेल, कारण पुढचं त्यावरच अवलंबून आहे. जुनी रेकॉर्डिंग स्टिरिओ असतात, म्हणजे आवाज दोनच बाजूंनी, डावीकडून आणि उजवीकडून. ती पाचही स्पीकरांत पसरवायची, याला अपमिक्सिंग म्हणतात. यात जादू काही नाही. जे दोन्हीकडे अगदी सारखं असतं, उदाहरणार्थ गाणाऱ्याचा आवाज, ते सॉफ्टवेअर समोर मधल्या स्पीकरला पाठवतं. जे दोन्हीकडे वेगवेगळं असतं, म्हणजे हॉलचा घुमारा, लोकांची कुजबुज, टाळ्या, ते मागे टाकतं. नीट जमलं की आपण मैफिलीच्या समोर नसतो, आत बसलेलो असतो. जुन्या भजनांच्या आणि कव्वाल्यांच्या कितीतरी कॅसेटी मी अशा पसरवून ऐकल्या आहेत. सुख म्हणजे काय ते मला त्या खुर्चीत कळतं, असं म्हटलं तरी चालेल.

आता माझ्या बायकोबद्दल. ललिता बंजारा समाजातली, ढाणकीजवळच्या एका तांड्यावरची. मी कुणबी. पुसदला शिकताना ओळख झाली आणि आम्ही लग्न करायचं ठरवलं. माझ्या घरचे महिनाभर फुगून बसले आणि मग आले. तिचे वडील आले नाहीत. ढाणकीच्या एका देवळाच्या सभामंडपात लग्न लागलं. तिच्याकडून तिची आई आणि दोन मावश्या एवढ्याच आल्या होत्या. वडील सकाळीच आदिलाबादकडे नातेवाइकांकडे निघून गेले होते. ते मुद्दाम गेले, हे साऱ्या तांड्याला ठाऊक होतं.

बंजारा मुलीच्या पाठवणीच्या गाण्याला ढावलो म्हणतात. नवरी एकेका माणसाला नात्यानं हाक मारते आणि सुरात रडत त्याच्या गळ्यात पडते. त्या माणसानं तिच्या डोक्यावर हात ठेवायचा, मग ती पुढच्याला हाक मारते. ललितानं आईला हाक मारली, मावश्यांना मारली. आणि मग तिनं वडिलांना "बापू" म्हणून हाक मारली. ते नाहीत हे तिलाही माहीत होतं, तरी मारली. कोणीच पुढे आलं नाही. तिनं पुन्हा हाक मारली. मग बराच वेळ कोणी काही बोललं नाही... शेवटी एका मावशीनं तिचा दंड धरून तिला जीपकडे नेलं.

हे सगळं टेप झालेलं आहे, कारण माझा नाद तेव्हाही हाच होता. सभामंडपाच्या दोन खांबांना मी दोन माइक बांधले होते. नवरदेव मुंडावळ्या सावरत टेपच्या सुया बघत होता, हे आमच्याकडे अजून हसून सांगतात.

ललितानं ती कॅसेट कधी ऐकली नाही. वडील तिच्याशी पुढे कधीच बोलले नाहीत. लग्नाला सात-आठ वर्षं झाल्यावर ते ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडले, पाय मोडला आणि हातात काठी आली. नंतर काही वर्षांनी ते गेले. मातीला आम्ही गेलो होतो. ललिता त्या दिवशी रडली नाही. मला तेव्हा ते जरा विचित्र वाटलं होतं.

यंदा आमच्या मुलीचं, प्राचीचं, लग्न ठरलं. मुलगा पुसदचा. प्राचीनं हट्ट धरला की पाठवणीला ढावलो झालाच पाहिजे आणि तो मम्मीनंच शिकवला पाहिजे. सासूबाई आता आमच्याकडेच असतात, त्यांचाही जीव त्यातच. पण ललिता ऐकेना.

"माझा ढावलो अर्धा राह्यला," ती म्हणाली. "अर्धी राह्यलेली बाई पोरीले काय शिकवन? तिचाही अर्धा ठेवू का?"

"असं कुठं असते मम्मी?"

"कुठं असते ते मले माहीत नाही. माह्याजवळ आहे."

हे कुठल्या रूढीत आहे की तिच्या मनातच, मी विचारलं नाही. पण ती प्राचीच्या पाठवणीला तिथे उभीसुद्धा राहणार नाही म्हणाली, तेव्हा घरात सगळ्यांची तोंडं उतरली. लग्नघर होतं, पण कोणी हसत नव्हतं. मग प्राची माझ्याकडे आली आणि हळूच म्हणाली, "पप्पा, ते कॅसेट आहे ना? मी त्याच्यावरून शिकतो."

मी कॅसेट कॉम्प्युटरवर घेतली. खरं तर एवढंच काम होतं. पण ज्याच्या घरात पाच स्पीकर आहेत, तो दोनावर थांबत नाही. मी तिचं अपमिक्स केलं.

मार्चचा शेवट होता, दुपारी ऊन मी म्हणत होतं. दुकानाला सुट्टी होती, ललिताची शाळा सुरू होती, ती मास्तरीण आहे. सासूबाई खाली झोपल्या होत्या. मी दार लावलं, खुर्चीत बसलो आणि फाइल सुरू केली. जेवणावळीची भांडी मागे उजवीकडे वाजली. कोणाचं तरी लेकरू रडलं. सभामंडपाचा घुमारा चारी बाजूंनी आला, आणि समोर मधोमध ललिताचा पंचवीस वर्षांपूर्वीचा आवाज. मला भरून आलं, कबूल करतो. तिनं "बापू" म्हटलं. थांबली. पुन्हा म्हटलं. मग ती शांतता.

त्या शांततेत मागच्या डाव्या स्पीकरमधून आवाज आला — ठक. मग काहीतरी जमिनीवर घासत ओढल्यासारखं. पुन्हा ठक, पुन्हा घासत. आधी लांबून, मग जवळ. अगदी माझ्या पाठीशी येऊन थांबला. आणि एका पुरुषाचा आवाज आला, खर्जातला, चालून दमलेला... "रो मत." रडू नको. त्याच्यापुढे एक शब्द होता. मला तो ऐकू आला 'येडी' असा.

खरं सांगू? मला भीती वाटली नाही, राग आला. माझ्या लग्नात, माझ्या बायकोला, ती रडत असताना कोणी पाहुणा येडी म्हणतो! माझा संशय सरळ माझ्या एका मामेभावावर गेला, कारण तो तसाच आहे. प्राचीला हे ऐकवण्याआधी तेवढं पुसून टाकायचं मी ठरवलं.

पुसायला आधी सापडायला हवं ना. मी हेडफोन लावून मूळ कॅसेट ऐकली, तिथे काहीच नाही. मग अपमिक्सचा मागचा डावा चॅनल एकटाच लावला. टेपची खरखर, भांडी, बस्स. पडद्यावर त्या जागी आवाजाची रेघ अगदी सपाट होती. मी पुन्हा खुर्चीत बसून पूर्ण फाइल लावली. ठक... घासत... ठक. "रो मत, येडी." स्पीकरची वायर तपासली, ॲम्प्लिफायर बंद करून चालू केला, कॉम्प्युटरही पुन्हा सुरू केला. खुर्चीत बसलं की येतच होतं.

मग मी प्राचीला वर बोलावलं. तिला काही सांगितलं नाही, फक्त खुर्चीत बसवलं आणि स्वतः दाराशी उभा राहिलो. ऐकता ऐकता तिनं दोनदा मागे वळून पाहिलं. संपल्यावर म्हणाली, "पप्पा, हे मम्मीले येडी कोण म्हणून राह्यलं? आणि मागून चालत कोण आलतं?"

तेवढ्यात ललिता दारात आली. शाळेतून आली होती, खांद्याला पर्स तशीच होती. जिन्यावरच तिला स्वतःचा आवाज ऐकू आला होता.

"माहा ढावलो लावला?" ती मला म्हणाली. "कायले उकरून राह्यले तुम्ही ते?"

प्राची लगेच म्हणाली, "मम्मी, कोणीतरी माणूस तुले येडी म्हणून राह्यला याच्यात. काठी टेकत टेकत येते अन् म्हणते."

ललिताच्या चेहऱ्यावरचा राग पाहता पाहता गेला. प्राची उठली, ललिता खुर्चीत बसली. पर्स मांडीवर घेतली आणि म्हणाली, "लावा."

मी लावलं. ती समोर बघत होती. आई, मावश्या, सगळ्यांच्या हाका झाल्या. "बापू" आलं, तेव्हा तिनं पर्सचा पट्टा मुठीत धरला. मग काठीचा पहिला ठक आला. प्राचीसारखं तिनं मागे वळून पाहिलं नाही. आवाज पाठीशी येऊन थांबला आणि बोलला. ती खूप हळू म्हणाली, "येडी नाही हो. याडी."

बंजारा बोलीत याडी म्हणजे आई. माझ्या सासूला मी स्वतः पंचवीस वर्षं याडी म्हणतो. पण एखादा पुरुष नवरीला याडी म्हणेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. ललिता म्हणाली, "माहा जन्म झाला त्याच साली बापूची याडी गेलती. ते म्हणत, तीच आली परत. घरात मले नावानं कधी बोलवलं नाही त्यायनं. याडी, पाणी आण. याडी, जेवली का. मग बोलनं बंद झालं, तं कोणीच नाही म्हटलं."

इतक्या वर्षांच्या संसारात ही गोष्ट तिनं मला एकदाही सांगितली नव्हती. आणि मी तोच शब्द रबरानं खोडावा तसा पुसायला बसलो होतो.

"परत लावा," ती म्हणाली.

या वेळी "बापू" झाल्यावर आणि काठी येऊन थांबल्यावर तिनं ढावलो पुढे म्हटला. पंचवीस वर्षांत मी तिला तो म्हणताना ऐकलं नव्हतं. समोरच्या स्पीकरमध्ये ती गप्प होती आणि खुर्चीत म्हणत होती. म्हणता म्हणता डावीकडे वळली, खुर्चीच्या पाठीवर डोकं टेकवलं आणि डोळे मिटून रडली. मी आणि प्राची जागचे हललो नाही. मी काही पाहिलं का? नाही. पाहिलं असं लिहायचा मोह होतो आहे, पण काही पाहिलं नाही. खोलीत मी, प्राची, ललिता आणि कापसाची पोती, एवढंच होतं.

थोड्या वेळानं तिनं पदरानं तोंड पुसलं आणि उठली. "झालं," म्हणाली. "बंद करा आता. चहा टाकतो."

चहा पिताना मला सुचलं ते मी बोलून टाकलं. म्हटलं, तुझ्या वडिलांचा आवाज त्या दिवशी कसाही टेप झाला असेल, असं एक वेळ धरू. पण काठी? पाय मोडला तो लग्नानंतर सात-आठ वर्षांनी. लग्नात त्यांच्या हातात काठी नव्हतीच. ते लग्नातच नव्हते.

ललिता कपाकडे बघत म्हणाली, "पाय मोडल्यावर मी याडीले भेटाले तांड्यावर जायचो ना. माहा आवाज आला का ते उठत अन् मागच्या दारानं वावरात निघून जात. मी चुलीजवळ बसून ऐकायचो. काठी टेकत, पाय ओढत. मले तो आवाज जातांनाचाच माहीत. येतांनाचा आज ऐकला."

संध्याकाळी आम्ही सासूबाईंना सांगितलं. त्या घाबरतील असं मला वाटलं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मंग थांबले का तुह्याजवळ?"

"थांबले," ललिता म्हणाली.

"बरं झालं. लई दिवस लावले मानसानं."

आणि त्या भाकरी मागायला लागल्या.

आता तुमचे प्रश्न मीच विचारतो, कारण दुसऱ्यांना मी हेच विचारत आलो. टेप वर्षानुवर्षं गुंडाळलेली राहिली की एका वेढ्यातला आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटतो. खरं आहे, पण उमटायला तो मुळात टेपवर असावा लागतो. कॅसेटवर आधी दुसरं काही टेप केलेलं असेल? कॅसेट कोरी होती, मीच पाकीट फोडलं होतं. हल्लीची सॉफ्टवेअरं नसलेले आवाज स्वतःहून तयार करतात म्हणे. करत असतील. पण मग मागचा चॅनल एकटा लावल्यावर रेघ सपाट का? आणि सॉफ्टवेअरला याडी कोणी शिकवलं? मनाचे खेळ म्हणाल, तर 'येडी' आधी मी ऐकलं आणि मग प्राचीनं, आणि ललिताचे वडील तिला याडी म्हणत, हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. आम्ही दोघांनी एकच चूक केली. मनाचा खेळ असता, तर तो ललिताच्या मनात व्हायला हवा होता ना?

त्या दिवसानंतर तो आवाज आला नाही. तीच फाइल, तीच वायर, तीच खुर्ची. मी कितीतरी वेळा लावून पाहिली. "बापू" येतं, पुन्हा येतं, मग भांडी वाजतात, लेकरू रडतं, मावशी काहीतरी म्हणते, संपतं. मागचा डावा स्पीकर बाकीच्या स्पीकरांसारखाच आहे. आवाजातल्या जाणकारांपैकी कोणाला काही सुचलं तर जरूर सांगा, मी ऐकून घेईन. खवचट उत्तर देणार नाही.

लग्न पुसदला झालं. ललितानं प्राचीला ढावलो शिकवला, रोज शाळेतून आल्यावर, स्वयंपाकघरात, पोळ्या लाटता लाटता. पाठवणीच्या वेळी मी सवयीप्रमाणे दोन माइक लावून हॉलच्या कोपऱ्यात मशीनजवळ उभा होतो, कानाला हेडफोन. प्राचीनं आजीला हाक मारली. मग आईला मारली, आणि ललिता तिच्या गळ्यात पडून तिच्यासोबत म्हणू लागली. हॉलमधली सगळी कुजबुज थांबली. माझं लक्ष आवाजाच्या काट्यावर होतं, पातळी वर चालली होती, ती मी जरा खाली घेत होतो.

तेव्हा प्राचीनं "बापू" म्हटलं.

जन्मभर ती मला पप्पा म्हणत आली आहे. मला कोणी कधी बापू म्हटलेलं नव्हतं. हेडफोनमध्ये तो आवाज दोन्ही कानांना अगदी सारखा आला, म्हणजे समोरून, मधोमध. ललिता तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होती. त्या वेळी तिच्या डोळ्यांत काय होतं ते मला लिहिता येणार नाही.

त्या रेकॉर्डिंगमध्ये पुढे हेडफोन खाली पडल्याचा आवाज आहे, वायर ओढली गेल्याची खरखर आहे आणि माझ्या चपलांचा आवाज आहे, लांब लांब जाणारा. मशीन तसंच सोडून मी प्राचीकडे निघालो होतो. तिला दुसऱ्यांदा हाक मारावी लागली नाही.